बंदुकीवरचा दिवा : लाल महालापासून आपल्या अंगणापर्यंत

 

परवान्याची बाराबोर घरात असलेली माणसं मला एक प्रश्न हमखास विचारतात. रात्री-अपरात्री काही झालं तर बंदूक हातात घ्यायची, मग टॉर्च कोणत्या हातात धरायचा? आणि तो बंदुकीवरच बसवायचा असेल, तर कोणता घ्यायचा? आमच्या गावात हा प्रश्न निघणं साहजिक आहे. जबलपूर हे बंदुकांचंच गाव. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ साली उभी राहिली आणि खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्स यांची प्रशिक्षण केंद्रंही इथेच आहेत. त्यामुळे निवृत्त फौजी इथे पुष्कळ, आणि त्यातल्या कित्येकांनी शहराबाहेर थोडी शेती घेऊन घर बांधलेलं. भोवती अंधार, वीज कधी आहे कधी नाही, कपाटात दुनळी.

दुकानदार या प्रश्नाला मॉडेलचं नाव आणि किंमत सांगून मोकळा होतो. मी मात्र इतिहासातून जाणार आहे, कारण अंधार, घर, हत्यार आणि दिवा या चौघांची गाठ फार जुनी आहे. दिवा नेमका कशासाठी हवा हे त्या इतिहासातून एकदा कळलं, की कोणता घ्यायचा हे ठरवायला पाच मिनिटं लागतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बंदुकीवरचा दिवा नेम धरण्यासाठी नसतो, शोधण्यासाठी तर नसतोच. समोर कोण आहे हे ओळखण्यासाठी तो असतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

अंधार कोणाच्या बाजूने?

५ एप्रिल १६६३. पुण्याचा लाल महाल. रमजानचा महिना, रात्रीची वेळ. शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी शायिस्तेखानाच्या मुक्कामात शिरले. मुदपाकखान्याकडची भिंत फोडून आत वाट काढली गेली. ही कथा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. आज मात्र ती हल्ला करणाऱ्याच्या नजरेने न पाहता घरात झोपलेल्या माणसाच्या नजरेने पाहू.

खान जागा झाला तेव्हा शत्रू त्याच्या शयनगृहापर्यंत आला होता. त्या क्षणी कोणीतरी दिवे मालवले. हे काम जनान्यातल्या एखाद्या प्रसंगावधानी बाईचं असावं असं इतिहासकार मानतात. अंधार झाला आणि पारडं थोडं फिरलं. हल्ला करणाऱ्यांपैकी दोघे जण पाण्याच्या हौदात पडले. त्या गोंधळात दासींनी खानाला बाहेर काढलं. त्याची बोटं गेली, मुलगा अबुल फतह मारला गेला, पण खान वाचला. ज्याचं घर त्याला अंधारातही वाट ठाऊक असते. परक्याला हौद कुठे आणि उंबरा कुठे हे कळत नाही.

याच रात्रीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. त्या अंधारात जनान्यातल्या बायकांवरही वार झाले. महाराजांचं स्त्रियांच्या बाबतीतलं धोरण किती कडक होतं हे आपण जाणतो, आणि तरीही हे घडलं. शिस्तीचं सैन्य असो, पुढारी कितीही मोठा असो, काळोखात चालणाऱ्या हत्याराला समोरचा माणूस ओळखता येत नाही.

म्हणजे एकाच रात्रीत दोन धडे मिळाले. दिवा मालवणं हाही घराचा बचाव असतो. आणि दिवा नसताना उगारलेलं हत्यार भलत्यावर पडतं. साडेतीनशे वर्षं झाली, पण आपला प्रश्न अजून या दोन गोष्टींच्या मध्येच उभा आहे.

त्या काळच्या बंदुकीबद्दलही एक गोष्ट सांगतो. तोड्याच्या बंदुकीला सतत पेटती जामगी लागायची. रात्री तो निखारा लांबून दिसायचा. बरकंदाजाला त्याचा स्वतःला काहीच उपयोग नाही, पण शत्रूला मात्र बरकंदाज कुठे बसलाय ते कळायचं. बंदुकीवरचा पहिला दिवा म्हणायचा तर तो हाच, आणि तो उलट्या बाजूने काम करायचा. आजच्या महागड्या टॉर्चलाही हा दोष चुकलेला नाही. तुम्ही तो लावलात की तुमचा पत्ता समोरच्याला मिळाला.

मशाल घेऊन येणारे

आता आपल्या जबलपूरकडे येऊ. हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात इंग्रज आले. पुढे इथे विल्यम स्लीमन हा अधिकारी आला आणि ठगांच्या बंदोबस्ताचं काम जबलपूरहून चाललं. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना कामाला लावण्यासाठी इथे उद्योगशाळा निघाली, तिथे तंबू आणि गालिचे बनत. ठगांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मात्र १८३९ पासून त्याच खात्याकडे दरोडेखोरांचा बंदोबस्तही आला, हे कमी लोकांना ठाऊक असतं.

ठग वाटसरूला गाठायचे. दरोडेखोर घरावर यायचे. आणि ते लपतछपत यायचे नाहीत. टोळी गावाजवळ आली की मशाली पेटवायची, आरडाओरडा करायची आणि वाड्यावर तुटून पडायची. मशालीने तीन कामं व्हायची. लूट शोधायला उजेड मिळायचा. गावकऱ्यांची भीतीने गाळण उडायची. तिसरं काम आमच्या धंद्यातलं : झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोळ्यावर एकदम लखलखाट आला की त्याला मशालीमागचे चेहरे दिसत नाहीत, आणि तो स्वतः मात्र उजेडात उघडा पडतो.

माणसाच्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ती सवय एका झोताने क्षणात मोडते. दरोडेखोरांना हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण ते त्याचा वापर करत होते.

रात्रीच्या घरफोडीची ही धास्ती कायद्यातही उतरली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडी दिवसा झाली की रात्री, याला मोठं महत्त्व दिलेलं आहे. रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, इतकं स्पष्ट. मालमत्तेच्या बचावात प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी कायदा ज्या मोजक्या गुन्ह्यांत संरक्षण देतो, त्यात रात्रीची घरफोडी होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ४१ व्या कलमातही ती आहे. का? कारण रात्री घरमालकाला समोर किती जण आहेत, हातात काय आहे, चोरी करायला आलेत की जीव घ्यायला, हे दिसत नाही. कायद्याने त्याच्या न दिसण्याला सवलत दिली.

पण ही सवलत कोरा चेक नाही. कोणी नुसता कुंपण ओलांडून अंगणात आला, एवढ्याने ती मिळत नाही. बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि ज्याच्यापाशी पाहण्याचं साधन होतं, त्याने ते वापरलं का, हा प्रश्न न्यायालयात येतोच. त्याचं उदाहरण पुढे देतो. त्याआधी हे पाहण्याचं साधन कसं आलं ते बघू.

माशीवरच्या कापसापासून टॉर्चपर्यंत

मध्य प्रांतातल्या जुन्या शिकाऱ्यांची रात्रीची अडचण एकच होती : नळीच्या टोकाची माशी दिसायची नाही. मग माशीवर कापसाचा बोळा बांधायचा, पांढरा कागद चिकटवायचा किंवा चुन्याचा ठिपका द्यायचा. चांदण्याच्या रात्री मचाणावर तेवढ्यावर काम चालायचं. म्हणजे बंदुकीवर केलेली पहिली रात्रीची सोय नेम धरण्यासाठी होती. समोर सावजच आहे हे गृहीत असायचं. जंगलात, बांधलेल्या बोकडाजवळ, ते बहुधा खरंही असायचं. घरात ते गृहीत धरता येत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

हाताच्या विजेच्या टॉर्चचं पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिसेल याच्या नावावर जानेवारी १८९९ मध्ये नोंदलं गेलं. इंग्रजीत त्याला फ्लॅशलाइट म्हणू लागले, कारण तेव्हाचे सेल इतके कमजोर की दिवा सतत जळायचा नाही, क्षणभर चमकायचा. आपल्याकडे एव्हरेडी कंपनी कलकत्त्यात १९३४ साली नोंदली गेली, पुढे लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला, आणि खेड्यापाड्यांत या वस्तूचं नावच 'बॅटरी' पडलं. तीन सेलची पितळी बॅटरी हे कित्येक वर्षं गावच्या रखवालदाराचं अर्धं हत्यार होतं.

बंदुकीवर टॉर्च लावून झाडलेली आपल्या देशातली सर्वांत प्रसिद्ध गोळी जिम कॉर्बेटची. मे १९२६, गढवालमधलं गुलाबराय. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या आठ वर्षं माणसं मारत होता. कॉर्बेट आंब्याच्या झाडावर बसला होता, खाली बोकड बांधलेला, रायफलीला टॉर्च लावलेला. बोकडाच्या गळ्यातली घंटा वाजली, कॉर्बेटने बटण दाबलं, बिबट्याचा खांदा नेमक्या नेमात दिसला, चाप ओढला. आणि टॉर्च विझला.

कॉर्बेटने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की तो त्याचा आयुष्यातला पहिला टॉर्च होता, कित्येक महिने तो बाळगला पण वापरायची वेळ आली नव्हती, आणि सेल तपासावे लागतात हे त्याला माहीत नव्हतं. एक मिणमिणता झोत मिळाला, तेवढाच. त्यानंतर बिबट्या मेला की जखमी होऊन पळाला हे न कळता त्याला अंधारात बसून राहावं लागलं. कॉर्बेटसारख्या माणसाला नशिबाने तो एक झोत मिळाला. तुमच्या-माझ्या नशिबावर मी पैज लावणार नाही. बंदुकीवरच्या टॉर्चचा पहिला नियम इथून घ्या : महिन्यातून एका ठरावीक तारखेला सेल तपासायचा, आणि वर्षातून एकदा तो चांगला असला तरी बदलायचा.

मोहाच्या झाडाखालचा कंदील

आता ते न्यायालयातलं उदाहरण. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला 'स्टेट ऑफ ओरिसा विरुद्ध रामबहादुर थापा' या नावाने शिकवतात. घटना मे १९५८ ची. ओरिसात रसगोविंदपूर इथे महायुद्धातला एक सोडून दिलेला विमानतळ होता. तिथलं भंगार घ्यायला कलकत्त्याचा एक व्यापारी आला होता, सोबत त्याचा नेपाळी नोकर. त्या ओसाड जागेत भुतं आहेत अशी आसपास समजूत होती. एका रात्री हे लोक एका गावकऱ्याला घरी पोचवून परत येत होते. दूर वाऱ्यात हलणारा उजेड दिसला, त्याभोवती आकृत्या. नोकराला वाटलं भुतंच. तो खुकरी उपसून धावला आणि सपासप वार केले.

त्या गावातल्या आदिवासी बायका होत्या. हरिकेन कंदील घेऊन मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होत्या. एक मारली गेली, आणखी जखमी झाल्या.

खटल्यात सरकारी बाजूने मुद्दा मांडला गेला की या लोकांजवळ टॉर्च होता, तो मारून आधी पाहता आलं असतं, म्हणजे पुरेशी काळजी घेतली गेली नाही. उच्च न्यायालयाने तो मानला नाही. भुतं आहेत असं त्याला मनापासून वाटलं होतं आणि त्या परिस्थितीत ते वाटणं समजण्यासारखं होतं, म्हणून वस्तुस्थितीबद्दलच्या चुकीचं संरक्षण देऊन त्याची सुटका कायम ठेवली. माणूस सुटला.

हा खटला मी तुम्हाला कायदा शिकवायला सांगत नाही. मी सांगतोय त्यातल्या कंदिलासाठी आणि टॉर्चसाठी. त्या बायकांकडे दिवा होता, म्हणूनच त्या दिसल्या, आणि दिसल्या म्हणूनच त्यांच्यावर वार झाले. ज्यांच्याकडे टॉर्च होता त्यांनी तो वापरला नाही. जबलपूरच्या भोवती, मंडल्याच्या वाटेवर, उन्हाळ्यात पहाटेच्या अंधारात बायका मोह वेचायला निघतात हे इथे राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. त्या तुमच्या कुंपणाला लागूनही येतील. आणि आज एखाद्याच्या बंदुकीवर हजार लुमेनचा दिवा असेल आणि त्याने तो न लावता गोळी घातली, तर भुताची सबब न्यायालयात चालेल असं मला वाटत नाही. साधन जितकं चांगलं, तितकी ते वापरण्याची जबाबदारी मोठी.

बाहेरचं एक उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे घरातल्या बंद शौचालयाच्या दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकँप होती, ती गेली. वरच्या न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी धरलं. दारातून दिवा आरपार जात नाही. गोळी जाते. छर्राही जातो. जिथे दिवा पोचत नाही तिथे आवाज पोचवायचा असतो.

फौजेची रीत

हे आवाज पोचवणं फौजेत अगदी पहिल्या दिवसापासून शिकवतात. रात्रीच्या पहाऱ्यावरचा संतरी काय करतो? "थम! कौन आता है?" त्याच्या हातात भरलेली रायफल असते, तरी आधी जीभ चालते. समोरचा थांबतो, नाव सांगतो, मग ओळख पटवायला त्याला एकट्याला पुढे बोलावतात. यात संतरीच्या जिवाला धोका वाढतो हे उघड आहे. तरी ही रीत टिकली, कारण अंधारातून येणारा बहुतेक वेळा आपलाच असतो : गस्तीवरून परतणारा, वाट चुकलेला, पहारा बदलायला आलेला. घरातही तेच. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड करणारा बहुधा नातू असतो. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला तेव्हा अंधारात ज्यांची दारं ठोठावली गेली, त्यांच्या दारात शेजारी उभा होता.

फौजेची दुसरी रीत उजेडाची. रात्री शत्रू पाहायचा असेल तर आम्ही स्वतःजवळ दिवा लावत नाही. ५१ मिलीमीटरच्या मॉर्टरमधून उजेडाचा गोळा वर सोडतो. तो शत्रूच्या डोक्यावर पॅराशूटने लोंबकळत जळतो. उजेड तिकडे, आम्ही अंधारात. आणि तो पेटला की एक डोळा मिटून घ्यायचा, म्हणजे विझल्यावर एका डोळ्याची तरी अंधाराची सवय शाबूत राहते.

तुमच्या घरी मॉर्टर नाही, पण अंगणात दिवा आहे. त्याचं बटण घराच्या आत, पलंगाजवळ आणून घ्या. इन्व्हर्टरवर जोडा. थोडक्या खर्चात होणारं हे काम बंदुकीवरच्या कुठल्याही टॉर्चपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. अंगण उजळतं, तुम्ही अंधाऱ्या खिडकीत उभे राहून पाहता, आणि बरेच आगंतुक दिवा लागताच पळतात.

मग बंदुकीवर दिवा हवाच कशाला?

कारण एक साधी अडचण आहे. दुनळी काय किंवा पंप अॅक्शन काय, लांब बंदुकीला दोन हात लागतात. पंप अॅक्शनला तर दुसऱ्या हाताशिवाय काडतूस चढतच नाही. पिस्तूलवाला एका हातात टॉर्च धरू शकतो, बाराबोरवाला नाही.

अमेरिकेत पोलिसांकडे पंप अॅक्शन बंदुका फार. रेमिंग्टन ८७० ही त्यातली मोठी, १९५० पासून बनते, २००९ पर्यंत एक कोटी बनल्या. सुरुवातीला लोक चिकटपट्टीने आणि पाइपाच्या पट्ट्यांनी टॉर्च बांधायचे. बार उडाला की काचेच्या बल्बमधली तार तुटायची, नाहीतर धक्क्याने सेल उडून संपर्क तुटायचा. १९७९ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या आणि पुढे शुअरफायर नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने यावर खास हत्यारासाठीचे दिवे काढले : धक्का सोसणारा बल्ब, तीन व्होल्टचे लिथियम सेल, आणि पुढच्या मुठीतच बसवलेला दिवा, ज्याचं बटण मूठ धरलेल्या बोटाखाली येतं. तेव्हाच्या छोट्या टॉर्चचा उजेड साठ-पासष्ट लुमेन असायचा आणि त्यावर पोलिसांची कामं होत होती. मग पांढरे एलईडी आले. तार नाही, म्हणून तुटायचा प्रश्न नाही. आज हजार लुमेन खिशात मावतात.

आता निवडायचं कसं ते सांगतो.

पहिलं, आकड्यांना भुलू नका. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या झोताची तीव्रता. एका मेणबत्तीचा एकूण उजेड साधारण बारा लुमेन. आपल्या घरात भिंती पांढऱ्या असतात. चुन्याच्या भिंतीवर हजार लुमेन मारलेत तर उलटून तुमच्याच डोळ्यावर येतात. खोलीसाठी त्याच्या निम्म्याहून कमी पुरतात, पण कडेला पसरणारा उजेड हवा, म्हणजे माणसाचा चेहरा आणि दोन्ही हात एकदम दिसतात. शेतावर चाळीस मीटर लांब पाहायचं असेल तर झोत लांब जाणारा हवा. दोन्ही हवं असेल तर एक बंदुकीवर आणि एक हातात, असे दोन घ्या.

दुसरं, बटण. दाबलं की लागला, सोडलं की विझला, एवढंच हवं. लुकलुकणारे, मंद-तीव्र असे पाच प्रकार असलेला टॉर्च नको. घाबरलेल्या माणसाची बोटं मोजून काम करत नाहीत. वायरीची दाबपट्टी दिसायला छान, पण वायर लोंबते आणि ऐनवेळी तुटते. मागच्या टोकाला बटण असलेला साधा टॉर्च बरा.

तिसरं, बसवणं. पंप अॅक्शनला नळीखाली काडतुसांची नळी असते, पट्टी तिच्यावर बसते. दुनळीला तशी जागा नसते. तिच्या नळ्या पातळ आणि एकमेकींना डाक लावून जोडलेल्या असतात, त्यावर पट्टी करकचून आवळली तर नळी दबू शकते. रबर घालून, बेताने, आणि परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडूनच बसवा. कुठेही भोक पाडायचं नाही. दिवा डाव्या बाजूला, डाव्या अंगठ्याशी यावा. नळीच्या अगदी तोंडाशी नको. तिथे काचेवर काजळी धरते.

चौथं, चाचणी. दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला टॉर्च धक्का चांगला सोसतो. पण विश्वास ठेवू नका. चांदमारीच्या मैदानावर जाऊन, तुम्ही घरी ठेवता तीच काडतुसं वापरून, दिवा लावून दहा बार काढा. टिकला तर तुमचा.

आणि छर्रा खोलीभर पसरतो म्हणून नेमाची गरज नाही, हा गैरसमज काढून टाका. बाराबोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी, साडेअठरा मिलीमीटरची. पाच मीटरवर तिचा छर्रा वीतभर किंवा त्याहूनही कमी पसरतो. म्हणजे ओळखायचंही आहे आणि नेमही धरायचा आहे.

खरेदीचा क्रम

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवा बंदुकीवर असला, की दिवा जिथे वळेल तिथे नळी वळते. खुडबुड ऐकून तुम्ही बंदुकीचा दिवा घेऊन घर शोधायला निघालात, तर प्रत्येक खोलीत, प्रत्येक झोपलेल्या माणसावर तुम्ही भरलेली नळी रोखणार. फौजेत नळी भलतीकडे वळवली तर उस्ताद पाठीवर दंडा हाणायचे, ते उगाच नाही. कोकणात रात्री बत्ती घेऊन शिकारीला गेलेल्यांनी रानडुक्कर समजून जोडीदारालाच गोळी घातल्याच्या बातम्या अजूनही वाचतो आपण. तिथे दिवा होता, तरी ओळख झाली नव्हती.

म्हणून क्रम असा. आधी दाराची कडी आणि अंगणातला दिवा. मग प्रत्येक पलंगाशी एक हातातला टॉर्च. मग घरातल्या सगळ्यांना शिकवलेली एक आरोळी, "कोण आहे?" आणि तिला उत्तर द्यायची सवय. सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, दार लावायचं, ११२ ला फोन करायचा. घरचे सगळे आपल्या मागे आहेत हे मोजून झाल्यावरच, त्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, बंदूक आणि तिच्यावरचा दिवा. तोही शेवटच्या क्षणी, दार फुटलं तर. बंदूक एरवी कुलपात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे तिसरी बंदूक घ्यायला ठेवलेले पैसे वरच्या यादीवर खर्च करा.

लाल महालात दिवा मालवणाऱ्या बाईला घराची प्रत्येक पायरी पाठ होती. तेवढी ओळख तुमच्या घरच्या प्रत्येकाला तुमच्या घराची हवी. एकदा रात्री मुद्दाम सगळे दिवे घालवून, बंदूक कुलपातच ठेवून, घरच्यांसकट त्या एका खोलीपर्यंत चालून बघा. किती वेळ लागतो, कोण अडखळतं, आजीला कोण आणतं, ते कळेल. हा सराव या आठवड्यात करा. टॉर्चची खरेदी पुढच्या आठवड्यात केलीत तरी चालेल.

पुढच्या भागात आपण खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून, म्हणजे १८६९ पासून, आपल्या देशातल्या काडतुसांची गोष्ट सुरू करू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.